बुनन्यो आजीच्या बुडाखालचं पोतं

सकाळी सहाला भोंगा खरखरला, की सेतगोल गावातली निम्मी माणसं पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायची. चिलसोंग सरपंच एकदा बोलायला लागला की थांबत नाही, हे सगळ्यांना पाठ होतं.

"ऐका हो! भात कापून झालं, वावरं मोकळी आहेत. यंदा आपल्या गावाची पाळी आहे, मळीच्या खताची नवी पोती येतील. तेव्हा जुनी पोती ज्याच्या दारात पडलीत त्यानं ती या आठवड्यात वावरात टाका. दारात ठेवून भात पिकत नाही!"

भट्टीत लोखंड वितळलं की वर मळी तरंगते. ती काढायची, थंड करायची, दळायची, आणि भाताच्या वावरात टाकायची. भाताची काडी ताठ होते, वाऱ्याला आडवी पडत नाही. कोरियाच्या दुसऱ्या टोकाला, पूर्व किनाऱ्यावरच्या पोलादाच्या कारखान्यात चिलसोंगनं एकतीस वर्षं हीच मळी भट्टीवरून ओढली होती. भुवया कायमच्या जळल्या, एक कान गेला, आणि साठी उलटल्यावर तो गावी परतला.

"जी घाण जन्मभर बाहेर फेकली, तीच वावरात फेका म्हणून आता लोकांच्या पाया पडतोय," तो बायकोला म्हणायचा.

"तिकडं फेकायचा पगार तरी मिळायचा," इमसुन म्हणायची आणि भाताची वाटी पुढं सरकवायची.

खत फुकट होतं, दर तीन वर्षांनी सरकार दारात आणून टाकायचं. पण पोतं वीस किलोचं आणि गाव सत्तरीच्या पुढचं. मग पोत्यांचा उपयोग बाकी सगळ्याला झाला. मिरच्यांच्या प्लास्टिकच्या मांडवावर वजन म्हणून पोती. फाटक वाऱ्यानं आपटू नये म्हणून पोती. कुत्र्याच्या घराला पोत्यांची भिंत. आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या बुनन्यो आजीनं तर एका पोत्यावर गोधडी शिवून घातली होती. गावच्या सभागृहाच्या दारात, उन्हाला, ते तिचं आसन होतं.

गेल्या वर्षी सप्टेंबरात वादळ आलं आणि अख्ख्या शिवाराचं भात चटईसारखं आडवं झालं. उभी राहिली ती चिलसोंगची तीन वावरं. त्यानं तिथं स्वतः फावड्यानं खत टाकलं होतं.

"बघा!" तो ओरडला.

"तुझ्या वावराला वाराच कमी लागतो बाबा," गाव म्हणालं. आता बोला!

यंदाची नवी पोती काही आली नाहीत. आठवडा गेला, दुसरा गेला. तेव्हा तो तडक तालुक्याच्या कचेरीत गेला. जाताना गावातल्या दहा वावरांची माती पिशव्यांत भरून नेली. खतखात्याची पेक बाई पोरगेलीच होती, पण कामाला चोख. तिनं माती तपासून घेतली, फाइल काढली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सरपंचसाहेब, तुमच्या गावानं नऊ वर्षांत तीनदा खत टाकलंय, आणि मातीत हवं त्याच्या निम्मंही नाही. म्हणजे तुमच्या जमिनीला ते लागूच पडत नाही. म्हणून यंदा तुमचा वाटा दुसऱ्या गावाला दिला."

"टाकलंय? कोण म्हणतं टाकलंय?"

तिनं कागद समोर धरला. 'खत मिळाले, वावरात टाकले.' खाली बावीस घरांचे बावीस शिक्के, लालभडक, एका रेषेत. तीन कागद, तीनदा तेच.

चिलसोंगच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गावाची रीतच होती, सहीऐवजी चालणारे सगळ्यांचे नावाचे शिक्के सरपंचाच्या घरी, एका बिस्किटांच्या डब्यात. म्हाताऱ्याकोताऱ्यांना घडोघडी कोण बोलावणार? दोन वर्षांपूर्वी मानग्यू दादानं सरपंचपद सोडलं तेव्हा भोंग्याच्या किल्लीबरोबर तो डबाही चिलसोंगकडं आला होता.

"आधीच्या नोंदी खोट्या होत्या असं गावानं लिहून द्या, मग तुमचं नाव परत घालता येईल," पेक बाई म्हणाली. "पण जुन्या सरपंचांची चौकशी होईल. नाहीतर तीन वर्षं थांबा."

तीन वर्षं! तीन वर्षांनी निम्म्या वावरांत कोण उभं असणार होतं? आणि मानग्यू दादाचं नाव लिहायचं कसं? तो त्याचा चुलतभाऊ, आठ वर्षांनी मोठा. चिलसोंगचा बाप गेला तेव्हा चिलसोंग भट्टीवर अडकला होता. तीन दिवस मानग्यू दादा मुलाच्या जागी दारात उभा राहिला, आल्यागेल्याला वाकून नमस्कार करत. चिलसोंग पोचला तो माती झाल्यावर.

तरी त्यानं सभा बोलावली. सभागृहाच्या अंगणात बायका किमचीच्या लोणच्यासाठी कोबी चिरत होत्या, म्हातारे लसूण सोलत होते. मानग्यू दादाही सोलत होता, मान खाली घालून. चिलसोंगनं कुणाचं नाव न घेता सगळं सांगितलं.

"एवढंच लिहून द्यायचंय, की आम्ही खत टाकलं नाही."

मग कुणीतरी म्हणालं, "टाकलं की!"

"हो, हो. टाकलं होतं. मला चांगलं आठवतंय."

"तिन्ही वेळा टाकलं."

चिलसोंगला आधी कळेचना. मग दिसलं, की बोलताना जो तो चोरून मानग्यू दादाकडं बघतोय. म्हाताऱ्याची लाज राखायला अख्खं गाव धडधडीत खोटं बोलत होतं.

त्याचं टाळकंच सरकलं. "आजी, तुम्ही कशावर बसलाय?"

"पोत्यावर," बुनन्यो आजी म्हणाली.

"पोत्यात काय आहे?"

"मला काय माहीत मेल्या! मी वर बसते, आत नाही."

सगळे हसले. चिलसोंग नाही हसला. घरी जाऊन त्यानं डबा आणला आणि एकेकाच्या हातात त्याचा शिक्का आपटला. "घ्या! आपलं खोटं आपल्या हातानं करा! मी नाही सांभाळणार!" डब्यात एक शिक्का उरला, त्याच्या बापाचा. वावरं अजून बापाच्याच नावावर होती, आणि तीन वर्षांपूर्वी तिथं खत खरोखर पडलं होतं. "त्या शेवटच्या कागदावर बावीस शिक्के," तो म्हणाला, "त्यात एकच खरा. तोही मेलेल्या माणसाचा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या ओसरीवर एकवीस शिक्के ठेवलेले होते, कागदात गुंडाळून. वर चिठ्ठी: 'आमच्याकडं हरवतील.'

त्यानं शिव्या घातल्या, पहार उचलली आणि वावराच्या बांधावर गेला. नवं खत मिळणार नव्हतं. जुनं गावभर पडलं होतं, पण मागणार कुठल्या तोंडानं? कागदावर ती पोती केव्हाच वावरात पडून संपली होती. वाहून आलेली दोन बेवारशी पोती ओढ्यात सापडली. आतलं खत दगड झालं होतं. एकतीस वर्षं जशी मळीची ढेकळं फोडायचा तसा तो ते फोडत बसला.

तिसऱ्या दिवशी मानग्यू दादा हातगाडी ढकलत आला. गाडीत फाटकाजवळची चार पोती.

"हे दगड आहेत," दादा धापा टाकत म्हणाला. "खत तर गावानं तेव्हाच टाकलंय. माझ्या दारात हे दगड पडलेत, कटकट नुसती. कुठं टाकू?"

चिलसोंगनं पहार खाली टेकवली. "दादा, एकदा तरी खरं बोल ना."

"पहिल्या वेळी मी कंबरेत मोडलो होतो. बाकीचे तर पोतं हलवायलाही तयार नव्हते. कागद कोरा गेला असता तर यादीतून गावाचं नाव गेलं असतं." मग दादा चिडून म्हणाला, "दगड घेतोस का परत नेऊ?"

दुपारपर्यंत रांग लागली. कुत्र्याची भिंत आली, मिरच्यांच्या मांडवावरची पोती आली. प्रत्येक जण दगडच घेऊन आला होता. बुनन्यो आजीनं गोधडी उसवून घेतली आणि पोतं सुनेच्या हाती पाठवलं, सोबत निरोप, की याच्या बदल्यात गादी हवी. चिलसोंग फोडत गेला, गावात पोरंसोरं म्हणवणारे साठीचे गडी फावड्यानं पसरत गेले. आधी आजीच्या वावरात, मग दादाच्या, मग सगळ्यांच्या. त्याचा संताप मात्र उतरेना. वावरात अखेर खत पडत होतं आणि खरं बोलायला एक माणूस तयार नव्हता. पहार तो त्या ढेकळांवर अशी हाणत होता की ठिणग्या उडत होत्या.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. कचेरीतून पेक बाई.

"सरपंचसाहेब, वर्षअखेरचा अहवाल भरतेय. तुमच्या गावात यंदा मळीचं खत पडलेलं नाही, बरोबर ना?"

पहारीचे घाव थांबले तशी फावडीही थांबली. सगळे त्याच्याकडं बघत होते. मानग्यू दादाच्या भुवया मळीच्या धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. चिलसोंगनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा करड्या पडलेल्या वावराकडं. 'पडलं' म्हणावं, तर कुठून आलं हे ती विचारणार.

"नाही बाई," तो म्हणाला. "मूठभरसुद्धा नाही."

फोन खिशात गेला. मानग्यू दादानं हातगाडी वळवली आणि जाता जाता म्हणाला, "आता झालास सरपंच."