कानबाईपासून लपवलेला बेत

गेल्या श्रावणात मी कॅनडाहून सासरी, नंदुरबारजवळच्या कोरीटला आले, ती परत न जाण्यासाठी. हे कुणालाच माहीत नव्हतं. नवऱ्याला सांगितलं होतं की यंदा कानबाईच्या रोटांना घरी जाऊन येते, तीन आठवड्यांत परत. सासूबाईंना, म्हणजे मी ज्यांना माय म्हणते त्यांना, फोनवर तेच सांगितलं. नऊ वर्षांच्या स्वरालाही तेच. आणि ज्या देवीचं निमित्त काढून निघाले तिला तर काहीच सांगितलं नाही. तिच्यापुढे हात जोडताना मी बेताचा विषय सरळ टाळायचे. देवाला सगळं कळतं असं आपण म्हणतो, पण वेळ आली की त्याच्यापासूनही चार गोष्टी लपवायला बघतो. मी त्यातलीच.

चार वर्षं झाली होती तिथे जाऊन. माझा नवरा शेतीची मोठी यंत्रं दुरुस्त करतो. ज्या गावात त्याला काम मिळालं तिथे नजर पोचेल तिथवर गव्हाची शेतं, अगदी आपल्या नंदुरबारच्या पट्ट्यासारखी सपाट, फक्त त्यात माणूस दिसायचा नाही. मला कशाची आठवण यायची ते सांगितलं तर लोक हसतील. हिवाळ्यात नंदुरबारच्या बाजारात मिरची उतरली की रस्त्याने जाणारा प्रत्येक जण शिंकतो ना, त्या शिंकांची. अहिराणीची तर फारच. नवरा दमून यायचा, स्वरा इंग्रजीतून बोलायची, मग मी कणीक मळताना एकटीच बडबडायची. स्वरा विचारायची, "मम्मी, कुणाशी बोलतेस?" सुरुवातीला देवीपुढे रोज म्हणायचे, माय, मला घरी ने. दोन वर्षं म्हटलं. काही घडलं नाही तेव्हा तिच्याशी अबोला धरला. दिवा लावायची, पण बोलायची नाही, घरातल्या माणसावर रुसावं तशी.

कोरीटला पाऊल ठेवलं आणि पहिले चार दिवस मी नुसती सुखात होते. कपाशीत निंदणी चालली होती, अंगणात जावा, नणंदा, पोरंबाळं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, तिच्या रोटांची तयारी सुरू झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, त्याचं पीठ वेगळं दळून आणतात आणि त्याच पिठाच्या पुरणपोळ्या देवीच्या नैवेद्याला होतात. ते रोट. ते घरच्यांनीच खायचे, बाहेरच्या कुणाला द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. मायने परदेशातल्या मुलाच्या नावाचीही सव्वा मूठ घेतली. मुलींच्या नावाची मूठ नसते, यावर स्वराने आजीशी कडाक्याचं भांडण केलं. आजीने तिच्या तोंडात गुळाचा खडा घालून विषय मिटवला. शनिवारी मी काहीतरी खरेदीचं कारण सांगून नंदुरबारला गेले आणि एका शाळेत स्वराच्या प्रवेशाची चौकशी करून आले. घरी आल्यावर तिथल्या बाईंचा फोन आला. मी मागच्या दारात उभी राहून हळू आवाजात बोलले. स्वरा ओट्यावर बसली होती, तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

रविवारी दुपारी रोटांचा स्वयंपाक ऐन रंगात असताना कुणीतरी विचारलं, स्वरा जेवली का? आणि लक्षात आलं की स्वरा कुठेच नाही. अंगणात नाही, शेजारी नाही, मंदिरापाशी नाही. माय म्हणाली, "कोठे जाई ते? आते येईन." पण मला एकदम कालचा फोन आठवला. मी पोळी तव्यावर टाकून उठले. रोट सुरू असताना चुलीपुढून उठत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मायने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लाटणं स्वतःच्या हातात घेतलं. "जाय, तू जाय. रोट मी देखस." पुरणाने भरलेले हात घेऊन मी शिवाराच्या रस्त्याने धावत सुटले. ज्या कानबाईशी मी दोन वर्षं बोलत नव्हते तिला मी त्या रस्त्यावर मोठमोठ्याने हाका मारत होते. मला पोर दे, बाकी तुला काय करायचं ते कर. इतकंच.

आमच्या शेताच्या कडेला पत्र्याची शेड आहे. निंदणीला डोंगरातून मजूर येतात ते तिथे उतरतात. त्या वर्षी सातपुड्यातल्या काठी गावाच्या बाजूचं एक कुटुंब होतं. शेडपुढे तीन दगडांच्या चुलीजवळ स्वरा मांडी घालून बसली होती आणि मक्याची भाकरी हिरव्या मिरचीच्या ठेच्याशी खात होती. जी मुलगी तिथे भाजीत मिरी जास्त झाली तर ताट सरकवते, ती नाक पुसत, डोळे पुसत खात होती. समोर एक बाई, माझ्याहून थोडी मोठी, दुसरी भाकरी थापत होती. मला पाहून म्हणाली, "तुन्ही शे का ही? भुकी व्हती. खावाडं."

मी तिथेच चुलीपाशी बसले. पोर कुणाची हे तिने विचारलंही नव्हतं. तिचं नाव रेलीबाई. घरी ती पावरी, त्यांची डोंगरातली बोली, बोलते, पण सपाटीवर कामाला येऊन येऊन अहिराणी शिकली होती, माझ्या मुलीपेक्षा बरी. तीच सांगू लागली, "घर जासू, घर जासू, करी ऱ्हायनी व्हती. कोठे शे घर, मी इचारं, ते म्हने इमानमा बसीसन जानं पडस." आणि ती हसली. मला हसू आलं नाही. मी स्वराला म्हटलं, अगं, आपण घरीच आहोत ना? ती भाकरीकडे बघत म्हणाली, "हे आजीचं घर आहे. मला इथे आवडतं. पण आपलं घर तिथे आहे, पप्पा आहेत तिथे. तू मला न विचारता इथल्या शाळेत टाकते आहेस." चार वर्षं जे दुःख मी उशाशी घेऊन झोपले होते, तेच मी माझ्या हाताने लेकीला द्यायला निघाले होते, आणि मला ते दिसलं नव्हतं.

मला रडू फुटलं. रेलीबाईने माझे पुरणाचे हात पाहिले आणि तांब्याने पाणी घातलं. हात धुता धुता मी तिला, का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. जे नवऱ्याला सांगितलं नाही, मायला नाही, देवीलाही नाही, ते या बाईला. तिने सल्ला वगैरे दिला नाही. आपलंच सांगू लागली. दर साल दिवाळीनंतर त्यांची टोळी गुजरातेत ऊसतोडीला जाते. तिची मोठी मुलगी उसाच्या फडातच जन्मली. "तठे गयात का पहिली भाकर करतस, तिना पहिला तुकडा तठली जमीनले. तठला देव आमना वळखीना नही ना. सांगनं पडस, आम्ही उनूत, चार महिना ऱ्हासूत, संभाळ." मी विचारलं, आणि घरनी याद? ती म्हणाली, "येस ना. येऊ दे. भाकर ते करनीच पडस." आणि तिने तव्यावरची भाकरी उलटली. एवढंच. पण मी तिथे बसले ती कितीतरी वेळ. चार वर्षांत मी कॅनडातल्या मातीला एकदाही सांगितलं नव्हतं की मी आले आहे. रोज सांगत होते ते एकच, की मी जाणार आहे.

घरी आलो तेव्हा कानबाई मांडून झाली होती. नारळाला डोळे, कुंकू, नथ, खणाची चोळी. मी मायला म्हटलं, ज्या बाईने स्वराला खाऊ घातलं तिला काहीतरी द्यायला हवं, पण आज तर घरात फक्त रोट. माय म्हणाली, "रोट नही देता येस. पन घरमा दुसरं पीठ सरी गे का? त्या डबामा गहूनं पीठ शे, गूळ शे. साधी पोळी कर ना तिनाकर्ता."

आणि मला लाजेने कुठे तोंड लपवू असं झालं. कारण तिथल्या पहिल्या श्रावणात मी घरात कानबाई मांडली होती. एकट्या नवऱ्याच्या नावाची सव्वा मूठ. पुरणाचा वास मजलाभर गेला आणि शेजारच्या आजींनी दार वाजवलं. एकट्याच राहतात, त्यांचा देशही तिसराच. हातात त्यांनी भाजलेल्या गोड पावाची बशी होती. रोट बाहेरच्याला द्यायचे नाहीत, म्हणून मी दार अर्धवट धरून "नो, नो, पूजा" म्हटलं आणि लावून घेतलं. बशीही घेतली नाही. त्या पुन्हा तीन वर्षं आल्या नाहीत, आणि मी मनात म्हणत राहिले, इथले लोक कसे, कुणी कुणाकडे येत नाही! हे मी मायला पोळी लाटता लाटता सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "अवं, मंग चहा तरी पाजती! चहामा काय रोट व्हता?" मग आम्ही दोघी सासूसुना देवीसमोर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मी मात्र हसता हसता रडतही होते. देवीचा नियम खरा होता, पण मी त्याची कडी करून दाराला लावली होती. (त्या आजी आता रविवारी आमच्याकडे चहाला येतात आणि चहात साखर फार घालतेस म्हणून मला रागावतात. पण ते पुढचं.)

रेलीबाईच्या घरच्यांसाठी साध्या पिठाच्या गूळपोळ्या घेऊन मी आणि स्वरा ऊन कलायच्या आत शेडवर गेलो. तिने पोळी कपाळाला लावली आणि पोरांना वाटली. सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाई विसर्जनाला निघाली. देवीचा पाट आळीपाळीने बायकांच्या डोक्यावर जात होता, माझी पाळी आली. देवीचं ओझं डोक्यावर असताना तिच्यापासून काय लपवायचं? मी चालता चालता मनात सगळं सांगितलं: शाळा, फोन, बेत, अबोला. म्हटलं, माय, मी ठरवून ठरवून थकले. आता तू ठरव. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. मान मात्र दुखली, आणि मन इतकं हलकं झालं की पुढच्या बाईला पाट देताना मला तो द्यावासा वाटेना.

बेत सोडून आम्ही ठरल्या दिवशी कॅनडाला परत गेलो. आता कबुलीची एकच गोष्ट उरली होती. आमच्या घराण्यात कानबाईचा नारळ विसर्जनानंतरही जपून ठेवतात. कॅनडातल्या देवघरातला नारळ मी कोरीटला निघताना टॉवेलात गुंडाळून गुपचूप बरोबर घेतला होता. परत यायचं नाही तर देवीला तरी तिथे कशाला ठेवायची, म्हणून. घरी पोचल्यावर बॅग उघडायच्याही आधी मी देवघराकडे गेले. नारळाची जागा रिकामी होती, आणि त्या रिकाम्या जागेपुढे दिवा जळत होता. बाजूला खिडकीतल्या कुंडीतलं एक ताजं फूल.

नवरा मागे उभा होता. मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाला, "तू गयी त्याच दिन देखं. नारळ नही व्हता." मग बोलला का नाहीत? एवढे फोन झाले! त्याने खांदे उडवले. "काय बोलू? मी कानबाईले सांगं, तिले जठे बरं वाटी तठे ठेव. तू बी तठेच ऱ्हाय." मी विचारलं, नारळच नाही, मग दिवा कुणापुढे लावत होतात?

"जागापुढे," तो म्हणाला.

मी दोन वर्षं देवीला हुकूम सोडले, दोन वर्षं तिच्यावर रुसले, आणि त्याला भक्ती म्हणत होते. या माणसाने, ज्याला आरती अजून धड पाठ नाही, बायको गेली, लेक गेली, देवीही गेली असं डोळ्यांनी पाहूनही रोज वात लावली, आणि तिला परत आण असं एकदाही म्हटलं नाही. मला मिळालेली कृपा एवढीच: भाकरी थापणारी एक बाई, पोटभर हसणारी सासू आणि हा माणूस. चमत्कार म्हणायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मी बॅगेतून टॉवेल काढून उलगडला, नारळ त्याच्या जागी ठेवला, आणि आम्ही तिघं हात जोडून उभे राहिलो. काहीतरी मागावं म्हणून मी डोळे मिटले, पण मागण्यासारखं काही आठवेचना.