पिवळ्या स्पंजाचा तुकडा

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीपर्यंत जेवढं कळलं तेवढंच. हे मी कोणासाठी लिहीत नाही. तरी कोणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात.

परवा माझ्या पायाच्या जखमेवर दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एक मऊ चकती चिकटवली. आधीची काढली तेव्हा कातडी जराही ओढली नाही. मला परक्या माणसाशी अजून धड बोलता येत नाही, म्हणून नातीला विचारायला लावलं. बाई म्हणाल्या, "पॉलीयुरेथेन. आजी, तुमच्या गादीत, चपलेच्या तळात, भांडी घासायच्या स्पंजात, सगळीकडे हेच असतं." मी जुनी चकती बोटाने दाबून पाहिली. दाबली की बसायची, सोडली की वर यायची. मला पूर्णा जंक्शनचं आमचं रेल्वे क्वार्टर आठवलं.

येलदरीच्या धरणाचं काम सुरू झालं होतं, ती वर्षं. आमचे हे रेल्वेत गँगमन होते, रूळ दुरुस्त करणारे. ट्रॉली उलटली आणि कमरेचं हाड मोडलं. परभणीच्या दवाखान्यातून घरी आणलं ते फळीवर उताणं निजवून ठेवायला. निजून निजून माकडहाडावर जखम झाली. पूर्णेच्या रेल्वे दवाखान्यातल्या नर्सबाई पट्टी बदलायला यायच्या. त्या म्हणाल्या, "हाड जुळेल. पण ही जखम आत उतरली तर माणूस हाती लागायचा नाही. तिथं भार पडू देऊ नका."

निजलेल्या माणसाचा भार कुठं ठेवायचा? मी माझी सगळ्यात मऊ गोधडी घडी करून दिली, तर तिचे टाकेच रुतायला लागले. कापसाचे गोळे व्हायचे. पट्टीचं कापड जखमेला चिकटायचं, ते सोडवताना हे पंचा दातात धरायचे. बाई म्हणाल्या, मुंबईत एक नवा स्पंज मिळतो, त्याचा जाड तुकडा मिळाला तर बघा. किंमत मी दाराआडून ऐकली आणि तिथंच बसले.

शेजारी गार्डसाहेबांचं घर होतं. त्यांच्या बायकोला क्वार्टरांची सगळी लाइन आपा म्हणायची. त्या नळावर आल्या तेव्हा मी घागर भरली, ओतली, पुन्हा भरली.

"काय गं, नळाशी भांडायलीस का?" आपा म्हणाल्या. "बोल की."

मी खाली बघून सांगितलं.

"बस, इतकंच? माझा भाई मुंबईत हाय. मागवते. पैसे तुझा आदमी उठल्यावर दे."

"आन् न्हाई उठले तर?"

"तोबा! न्हाई उठला तर मी येऊन उठवते. माझी जबान मालूम हाय त्याला."

तुकडा आला. फिकट पिवळा, लाहीसारखा हलका. मधे भोक कापून यांच्याखाली सरकवला, तशी जखम अधांतरी राहिली. हे म्हणाले, "आज पाठ हाय का न्हाई, तेच कळंना." किती दिवसांनी हसले होते. जखमेच्या कडा गुलाबी होऊन भरून येऊ लागल्या.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांचा नियम होता, आजाऱ्याच्या अंथरुणाला रोज ऊन दाखवायचं, नाहीतर त्यात रोग राहतो. आमच्याकडे सगळ्यांचाच तो नियम. मी तुकडा रोज धुऊन बाजेवर टाकायचे, आणि ऊन वैशाखाचं. हळूहळू तो तांबूस झाला, वरचा थर करपलेल्या भाकरीसारखा कडक झाला आणि एक दिवस हातात त्याचा भुगा आला. जखमेची कड पुन्हा चिघळली. आपांचे पैसे गेले, आणि यांचं कसं व्हायचं, एवढंच डोक्यात होतं.

भुगा पदरात बांधून, उरलेला तुकडा काखेत मारून मी रूळ ओलांडून एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टरांच्या खोलीसमोर एकटी उभी राहण्याची ती पहिलीच वेळ. बाईंनी भुगा पाहिला.

"उन्हात टाकलात? अहो, याला ऊन सोसत नाही!"

"ऊन न्हाई दाखवलं की रोग राहतो म्हणतात आत्याबाई."

"गोधडीत राहत असेल. ही गोधडी नाही, बाई." त्या हसल्या, पण रागावल्या नाहीत. जळका थर कसा छाटायचा ते दाखवलं. आत सगळं मऊच होतं. कापून निघालेल्या बऱ्या तुकड्यांच्या त्यांनी यांच्या टाचांसाठी गाद्या करवून घेतल्या, तिथंही कातडी लाल होत होती. घरी येऊन मी जुन्या लुगड्याची खोळ शिवली. खोळ उन्हात, स्पंज सावलीत. आत्याबाई खोळ वाळताना बघायच्या आणि समाधानी असायच्या.

परवाच्या नर्सबाईंना नातीने हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, उन्हात तांबूस पडून भुगा होतो, तो बहुतेक हाच पॉलीयुरेथेन. म्हणजे तेव्हा मी नाव माहीत नसलेल्या वस्तूचे उपकार घेतले.

दिवाळीपर्यंत जखम भरली. हे काठी टेकत उठले. पुढे पिंगळीजवळच्या फाटकावर बसून करायचं काम मिळालं. मी लोकांच्या गोधड्या शिवून आपांना थोडेथोडे देत होते. त्यांनी एकदाही मागितले नाहीत. उलट त्यांच्या जुन्या साड्या मला शिवायला द्यायच्या आणि मजुरी वेगळी.

यांचा पहिला पूर्ण पगार झाला त्या दिवशी मी उरलेल्या नोटा आपांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी न बघता कमरेला खोचल्या.

"मोजा तरी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

आपांनी नोटा काढल्या, माझ्यासमोर मोजल्या आणि म्हणाल्या, "पूरे हाय. एक बी कम न्हाई."