इकॉनॉमिकल म्हणजे सासूबाई

माझ्या नवऱ्याला बढतीच्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर होता आणि इंग्रजीशी त्याचं लहानपणापासून वाकडं. मी लग्नाआधी घाटंजीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. केलेलं. त्यामुळे शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, स्वयंपाकासारखंच, न विचारता.

त्याचं घोडं एकाच जागी अडायचं. एकाच मुळातून निघालेले, सारखे दिसणारे शब्द त्याला वेगळे करता येत नसत. मग मी घरातलीच माणसं कामाला लावली. इकॉनॉमिक म्हणजे वर्तमानपत्रातल्या अर्थव्यवस्थेच्या बातम्या. इकॉनॉमिकल म्हणजे सासूबाई, चहात चिमटीनं साखर टाकणाऱ्या. इंडस्ट्रियल म्हणजे रस्त्यावरचा कापसाचा जिनिंग कारखाना. इंडस्ट्रियस म्हणजे मरमर राबणारी मी. सेन्सिबल म्हणजे समजूतदार. सेन्सिटिव्ह म्हणजे तुम्ही, जरा बोललं की ताटावरून उठणारे. तो हसायचा, आणि हसता हसता शब्द डोक्यात बसायचे. मी पोळ्या लाटत त्याची उजळणी घ्यायची.

तो पास झाला. पांढरकवड्यात समाजाच्या लोकांनी सत्कार ठेवला. अंगावर शाल घेऊन तो माइकवर म्हणाला, "कोणाची शिकवणी नाही, क्लास नाही. साऱ्या युक्त्या मी स्वतः काढल्या." वर सासूबाईंच्या साखरेचा किस्सा सांगितला. सगळे हसले, सासूबाईही हसल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेवटी मलाही वर बोलावलं आणि 'खंबीर साथ दिली' म्हणून खण-नारळानं ओटी भरली. तो खण मी आजवर शिवलेला नाही.

परवा दहावीतली मुलगी पुस्तक घेऊन बापाजवळ बसली. सेन्सिबल आणि सेन्सिटिव्हमधला फरक तिला हवा होता. मी स्वयंपाकघरातून सांगायला लागले, तर म्हणाली, "आई, तू थांब ना. मी बाबाले इचारून राह्यली."

बाबांनी मोबाइल बघत बघत दोन्ही अर्थ उलटे सांगितले. ती तसंच लिहायला लागली तेव्हा मला राहवलं नाही. पिठाच्या हातानं बाहेर आले. म्हटलं, "समजूतदार असते ते सेन्सिबल. जरा बोललं का ताटावरून उठते ते सेन्सिटिव्ह."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुले कोणं शिकोलं हे?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "मीनंच. माह्या परीक्षेच्या टायमाले."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थाप मारत नव्हता. त्याला खरंच तसं आठवत होतं.