दुसऱ्या बाजूची शेवटची चार मिनिटं

पुण्याला निघताना आईनं डब्यात पोळ्या आणि ठेचा भरून दिला आणि विचारलं, आता कायले चालला? दादाची खोली तर आपण केव्हाच रिकामी केली. मी म्हटलं, एक काम आहे. तिनं पुढे विचारलं नाही. अमरावतीहून ट्रॅव्हल्स संध्याकाळी सुटते आणि सकाळी पुण्यात सोडते. मधला सगळा वेळ समोरच्या टीव्हीवर कोणीतरी कोणाला तरी बडवत असतं. माझ्या पिशवीत दोन शर्ट, एक टॉवेल आणि रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट होती.

काम सांगितलं असतं तर ती हसली असती, नाहीतर रडली असती. मला एका गाण्याचं नाव हवं होतं. गाणं तरी कसलं, गिटारचा चार मिनिटांचा तुकडा, त्यात शब्दसुद्धा नाहीत.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. घरातून इंजिनिअरिंगला गेलेला पहिला, आमच्या वस्तीतूनही पहिलाच. पुण्यात शिकला, भोसरीत एका कारखान्यात चिकटला आणि सगळं जग कॉम्प्युटरकडे पळायला लागलं तेव्हा तोही हिंजवडीच्या एका कंपनीत गेला. गेल्या वर्षी तिथून मोटारसायकलवर परतताना त्याला ट्रकनं उडवलं. अमरावतीला पुण्यानुमोदन (गेलेल्या माणसाच्या नावानं होणारी बुद्धवंदना) झालं, लोक जेवून गेले, आणि त्यानंतर आमच्या घरात मोठ्यानं कोणी बोललेलं मला आठवत नाही.

तो हॉस्टेलला असताना त्यानं मला ही कॅसेट पाठवली होती. विकत घेतलेली नव्हे, भरून घेतलेली. परदेशी रेकॉर्ड तेव्हा आमच्यासारख्यांना कुठली परवडायला! पण मोठ्या गावात एखादा दुकानदार असा असायचा की ज्याच्याकडे खूप रेकॉर्डी. आपण कोरी कॅसेट न्यायची, तो भरून द्यायचा. कॅसेटच्या कार्डावर सगळ्या इंग्रजी गाण्यांची नावं निळ्या शाईत, मोत्यासारख्या देवनागरीत लिहिलेली. खाली दुकानाचा शिक्का, ‘मंडईमागे, पुणे’.

अल्बम साठच्या दशकातला, लंडनच्या चार पोरांचा. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्याकडे आहे ते ओळखतील, ज्यांच्याकडे नाही त्यांना नुसतं नाव घेऊन काय करायचंय? पहिल्या गाण्यात अर्धा मिनिट फक्त ऑर्गन वाजतो. वाटतं, आता कोणीतरी प्रार्थना म्हणणार. तेवढ्यात ड्रम असे येतात की जणू दारावर पोलीस आलेत. तिसऱ्या गाण्यात बेस गिटार एकटीच पायऱ्या उतरत जाते आणि बाकीचे तिघं ती खाली पोचेपर्यंत थांबतात. दुसऱ्या बाजूला एका ओळीवर गायकाचा आवाज फाटतो. आज कोणी ती ओळ तशी ठेवणार नाही, पुन्हा गाऊन घेतील. त्या पोरांनी ठेवली, आणि त्या एका फाटलेल्या आवाजासाठी मी हा अल्बम जन्मभर ऐकणार आहे. इंग्रजी मला अर्धं कळायचं. पण घर सोडून गेलेला माणूस घराबद्दल बोलतोय, एवढं कळायला डिक्शनरी लागत नाही.

आणि सगळ्यात शेवटी तो तुकडा. एवढ्या दणदणाटानंतर एकच गिटार, हळू, जरा अडखळत. मध्ये एकदा बोट चुकतं, वाजवणारा थांबतो आणि तिथूनच पुढे जातो. कार्डावर त्याचं नाव नव्हतं. ती मला त्या पोरांची ऐट वाटली. मी दादाला पत्रात कळवलं, सगळ्यात भारी शेवटचं. कॉलेजच्या अंकात दोन पानं लेख लिहिला की अख्खा अल्बम या चार मिनिटांसाठी केलाय.

मग सीडीचे दिवस आले. नागपूरला सीताबर्डीवर मला तोच अल्बम मिळाला, घरी येऊन लावला. फाटलेल्या आवाजाचं गाणं झालं, शेवटचं समूहगान झालं आणि संपलं. तुकडा नव्हताच. लेख वाचलेले मित्र आता कसे दात काढतील ते डोळ्यांसमोर आलं. मी शाळेत गणित शिकवतो, फळ्यावर चुकीचं उत्तर राहिलेलं मला बघवत नाही. त्याच दुपारी कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली, तुकडा सुरू होतो तिथे आणली, लाल बटण दाबलं आणि पुसून टाकला. मग दादाला फोन केला की तुझ्या कॅसेटवाल्यानं भेसळ केली होती, मी काढली. तो म्हणाला, “बरं केलंस. जेवलास का?”

दादा गेल्यापासून मी सीडी लावतो, ती संपते, आणि माझा कान तिथेच बसून राहतो. तो तुकडा दुकानदारानं कुठल्या दुसऱ्या रेकॉर्डवरून घातला असणार. त्याला गाठून नाव विचारायचं आणि एकदा पुन्हा ऐकायचं, एवढ्यासाठी ही यात्रा.

पुणं वाघोलीलाच सुरू होतं आणि मग संपतच नाही. डिसेंबरचं धुकं होतं, त्यात अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या सळया, आणि पोहण्याच्या तलावासकट फ्लॅट देणाऱ्या जाहिराती. दादा म्हणायचा, इथे दर सोमवारी नवा रस्ता असतो. उतरल्यावर एका गाडीवर पोहे घेतले. आमच्याकडे पोह्यांवर तर्री (तिखटजाळ रस्सा) मागता येते, इथे त्यात साखर होती. निम्मे टाकून दिले.

मंडईची दगडी इमारत मात्र कोणी हलवलेली नाही. तिच्या भोवती मटार, गाजरं, आवळ्यांचे ढीग, आणि भाव विचारून पुढे जाणाऱ्या गिऱ्हाइकाला पाठीवर मिळणारे टोमणे. मागच्या गल्लीत तीनदा फिरलो. शिक्क्यावरच्या पत्त्यावर मोबाइलचं दुकान निघालं. आत पन्नाशीचे एक गृहस्थ मान खाली घालून हँडसेटचं पोट उघडून बसले होते. मी कॅसेट पुढे केली आणि विचारलं, हे दुकान कुठे गेलं.

“दुकान इथंच आहे. कॅसेट गेल्या,” ते म्हणाले.

मालक कुठे भेटतील म्हटल्यावर त्यांनी मला कॅसेटपासून चपलांपर्यंत न्याहाळलं आणि माझी काय तक्रार आहे ते विचारलं. पंधरा वर्षांनी तक्रार आणणारं गिऱ्हाईक म्हणजे चिकाटीचं, असंही वर ऐकवलं. पण ऐकवता ऐकवता एका रिचार्ज कूपनच्या पाठीवर पत्ता लिहिला. गद्रे, कर्वेनगर, अमुक सोसायटी, दुसरा मजला. पुण्याचा माणूस मदत करतो, फक्त ती केल्याचं कोणाला कळू देत नाही.

पीएमटीच्या बसमध्ये मी कंडक्टरला कर्वे रोड सांगितलं आणि त्यानं मला निमूटपणे कर्वे रोडला उतरवलं. कर्वेनगर तिथून चांगलं लांब. धूर आणि हॉर्न खात चालत निघालो. कॉलेजच्या पोरापोरींचे घोळके, खानावळींच्या पाट्या, पाटीगणिक ‘फक्त मुलींसाठी’. असल्या वाटा दादाच्या रोजच्या पायाखालच्या होत्या. तो इथे चौदा वर्षं राहिला आणि मी एकदाही त्याच्याकडे नुसता राहायला म्हणून आलो नाही. आलो तो त्याची खोली रिकामी करायला.

गद्रेकाकांनी साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं. पंचाहत्तरी ओलांडलेले, अंगात स्वेटर, कानाला मफलर. “आपण?” मी काही बोलण्याऐवजी कॅसेटचं कार्ड फटीतून आत दिलं. त्यांनी स्वतःचं अक्षर बराच वेळ वाचलं, मग साखळी निघाली.

त्यांची खोली म्हणजे भिंतभर रेकॉर्डी. सूनबाई कामावर, नातू शाळेत, त्यामुळे ऐकायला निवांत वेळ होता. त्यांनी न शोधता हात घातला आणि तो अल्बम काढला. मी त्याचं खरं कव्हर तोपर्यंत पाहिलंच नव्हतं. सीडीचं काय, ते काडेपेटीवरचं चित्र. इथे हातभर रुंद, कडा झिजलेलं, चार पोरं ओसाड धक्क्यावर पाठमोरी उभी, समोर करडं पाणी. एकानं कोटाची कॉलर वर केलेली. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर राहिलो त्यांच्या पाठी तेवढ्या दिसल्या.

त्यांनी रेकॉर्ड पुसली, सुई ठेवली आणि आम्ही दोन्ही बाजू न बोलता ऐकल्या. फाटलेल्या आवाजापाशी काकांनी बोट वर केलं, म्हणजे त्यांनाही ती जागा माहीत होती. समूहगान संपलं, सुई नुसतीच खरखरत फिरायला लागली. मी म्हटलं, भाऊ गेल्या वर्षी गेला, त्यानं पाठवलेल्या कॅसेटवर यापुढे गिटार होती, ती कुठल्या रेकॉर्डवरची?

“रेकॉर्ड इथंच संपते,” काका म्हणाले. “पुढचं तुमच्या भावानं वाजवलंय.”

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. पंचेचाळीस मिनिटांची टेप. पहिली बाजू काठोकाठ भरली, दुसरीत चार मिनिटं उरली. टेप कोरी सोडायची नाही हा त्यांचा नेम, गिऱ्हाइकाला विचारून ते उरल्या जागेत काहीतरी घालत. दादाला विचारलं तर तो म्हणाला, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी हॉस्टेलमधल्या एका गोव्याच्या मुलाची गिटार घेऊन आला. दोन महिने रविवारी खडकवासल्याला धरणाकाठी बसून शिकला होता. दुकानात स्टुलावर बसून एका दमात वाजवलं, मध्ये चुकला. काका म्हणाले पुन्हा घेऊ. तो म्हणाला, राहू दे, तेवढ्या चुकीवरूनच धाकटा ओळखेल की हे रेकॉर्डवरचं नाही. कार्डावर नाव लिहू नका असंही त्यानंच सांगितलं.

“मग महिन्याभरानं आला, तुमचं पत्र घेऊन. म्हणाला, काका, त्याला शेवटचंच सगळ्यात आवडलंय. त्याला वाटतंय त्या साहेबांनी वाजवलं. आता सांगितलं तर त्याची मजा जाईल.”

काकांनी टेपडेकवरचं कापड काढलं आणि हात पुढे केला, लावा, मीही त्यानंतर ऐकलेलं नाही. तेव्हा सांगावंच लागलं की ते मी पुसलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “आपण फार शुद्ध ऐकणारे दिसता,” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. मग त्यांनी कॅसेट माझ्या हातातून घेतली. घरच्या टेपरेकॉर्डरला माइक आतच असतो, म्हणजे पुसतानाचं काहीतरी उतरलं असेल, म्हणाले, बघू.

उतरलं होतं. आमच्या पुढच्या खोलीतला पंखा. कावळा. स्वयंपाकघरातून आईची हाक, ये रे जेवाले. पंखा. बऱ्याच वेळानं पुन्हा हाक. मग भांडं आपटल्याचा आवाज आणि तिसरी हाक, वैतागलेली. खुर्ची सरकली, मी “आलो” म्हणालो आणि खटकन बटण बंद झालं. आणि त्याच्यापुढे गिटार. शेवटची ओळ, तिचा शेवटचा सूर, तार थरथरत थांबली, आणि वाजवणाऱ्यानं सोडलेला श्वास. दादाचा श्वास. तुकडा संपायच्या आधीच मी जेवायला उठलो होतो आणि तेवढं शेपूट राहून गेलं होतं. सीडी आल्यावर ती कॅसेट पुन्हा कधी लावलीच नव्हती.

काकांनी मोजलं. आठ सेकंद. मी तोंडावर रुमाल धरून रडलो आणि ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

परत आले तेव्हा त्यांच्या हातात नवी कोरी टेप होती. जुनी टेप कधी तुटेल सांगता येत नाही म्हणून पंख्याच्या आवाजापासून सगळं त्यांनी तिच्यावर उतरवून घेतलं, घड्याळाकडे बघत, जणू दुकान अजून चालू आहे. संपल्यावर सवयीनं विचारलं, “उरलेल्या जागेत काय घालू?”

मी म्हटलं, काही नको. त्यांनी टेप कोरीच ठेवली, कार्डावर निळ्या शाईत दादाचं नाव लिहिलं आणि मला जिन्यापर्यंत पोचवायला आले. निरोप म्हणून एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी कर्वेनगर सांगा, कर्वे रोड नको.

संध्याकाळच्या बसनं परत निघालो. वाघोलीच्या पुढे इमारती संपल्या, अंधार झाला. डब्यात एक पोळी उरली होती, ती खाल्ली नाही. प्रवासाहून माणूस काहीतरी शिकून येतो म्हणतात. मी एवढंच शिकलो की ज्या शहराला मी मनात पंधरा वर्षं नावं ठेवली, तिथल्या एका स्टुलावर बसून माझ्या भावानं माझ्यासाठी वाजवलं होतं, आणि ते मी माझ्या हातानं, बरोबर असल्याच्या तोऱ्यात, मिटवलं.

घरी पोचलो तर आई तांदूळ निवडत होती. तिला समोर बसवून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि कॅसेट लावली. पंखा, कावळा, तिच्या तीन हाका, माझं “आलो”, आणि ते आठ सेकंद. तार थांबल्यावरही ती तशीच बसून होती, हात तांदळात. मला वाटलं, ती पुन्हा लाव म्हणेल.

“पहिल्या हाकेले उठला असता,” ती म्हणाली, “तं लेकराचं अजून थोडं राह्यलं असतं.”