यादीतून गळलेली तेवीस माणसं

"ताई, तुमचं नाव यादीत नाही. तुम्ही कॅम्पला आल्याच नसाल," स्क्रीनवरची नजर न हलवता मी म्हणाले.

समोर किन्हीराजा गावच्या कौसल्याबाई. माझ्याच वयाच्या, साठी ओलांडलेल्या.

"आलीच नसन? काय सांगून राह्यली वं बाई!" त्यांनी पदराची गाठ सोडून चिठ्ठी काढली. शिक्का आमचा, नंबर माझ्या हातचा. "डॉक्टरनं सांगतलं, शुगर जास्त हाय, फोन येईन. तीन महिने मोबाइल उशाशी घेऊन झोपली मी. आता उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नाही अन् दुखते बी."

मी वाशिमला डोळ्यांच्या एका दवाखान्यात डेटा सांभाळते. एसक्यूएल, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या याद्यांतून हवी ती माहिती काढायची भाषा, मी कॉलेजात नाही, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. त्याचा मला भारी तोरा होता, सांगूनच टाकते.

आमच्याकडे दोन टेबलं, म्हणजे रकान्यांच्या याद्याच हो. एकीत कॅम्पमध्ये मोतीबिंदू निघालेले सगळे, दुसरीत ऑपरेशनच्या तारखा. चिठ्ठीच्या नंबरावरून दोन्ही जोडायच्या, त्याला जॉइन म्हणतात. शुगर जास्त असली की तारीख मिळत नाही. अशांना फोन करून गोळ्यांसाठी बोलवावं लागतं. आधी मी लेफ्ट जॉइन लावायची. त्यात पहिल्या यादीतला प्रत्येक माणूस राहतो, तारीख नसेल तर रकाना रिकामा दिसतो.

एकदा मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमच्या रिपोर्टात इतकी भोकं काहून?"

मला ते लागलं. मी इनर जॉइन लावला. त्यात जोडी न जुळलेली ओळ गळूनच जाते. रिपोर्ट कसा भरगच्च दिसायला लागला! साहेब खूश, मी त्याहून खूश. आणि फोन करणारी आमची सुनीता त्याच यादीवरून फोन लावत होती.

कौसल्याबाईंना बसवून मी पुन्हा लेफ्ट जॉइन चालवला. तेवीस ओळी वाढल्या. तेवीस रिकामे रकाने.

सुनीता मागून वाकली. "मॅडम, हे लोक कुठं होते इतके दिवस?"

"लाव फोन सगळ्यांना," एवढंच मी म्हणाले.

कौसल्याबाईंनी विचारलं, "काय झालं होतं वं?"

"कॉम्प्युटरची चूक झाली, ताई."

"जाऊ दे मंग. मशीनले काय समजते!"

असं म्हणून त्यांनीच माझा हात थोपटला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

शुगर उतरल्यावर बाकीच्या बावीस जणांची ऑपरेशनं झाली, त्यांना दिसायला लागलं. कौसल्याबाईंचा मोतीबिंदू पिकून डोळ्यातलं प्रेशर वाढलं होतं. ऑपरेशननं दुखणं थांबलं, पण उजव्या डोळ्याची नजर परतली नाही. खरं काय ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी सांगतेय, यातच माझी हिंमत कळली.

शिकणाऱ्यांना एवढंच सांगेन. टेबलं जोडण्याआधी ओळी मोजा, जोडल्यावर पुन्हा मोजा. कमी भरल्या तर त्या मशीनने खाल्ल्या नाहीत, तुम्ही टाकल्या.