तक्रारदार बाईंचा भाऊ

नोकरीत अनेक तक्रारी हाताळल्या, पण नव्वदीच्या एका ज्यू आजींची तक्रार अजून मनातून जात नाही.

अमेरिकेत सांता क्लाराजवळच्या एका गावात मी पोलिसांत डिटेक्टिव्ह होतो. आजींचा स्टेशनला फोन आला. भारतातून आलेली एक बाई भाची असल्याचं सांगून रोज दारात उभी राहते. "माझा भाऊ आई-वडिलांबरोबर नाझींच्या छावणीत मेला. ही बाई फ्रॉड आहे," असं त्यांनी लेखी दिलं. एकट्या म्हाताऱ्या माणसांना असे नातेवाईक अचानक उगवतात, हे मी पाहिलेलं होतं.

बाई साठीपुढची, पुण्याची निघाली. आपल्याकडचं माणूस म्हणून मी जरा जास्तच कडक झालो. जबाब मराठीत घेतला.

"घरावर डोळा आहे?"

"नाही हो साहेब. बाबा गेले. त्यांचे कागद आत्याला द्यायचेत, बस."

उत्तरं फार तयार होती. मला ते खटकलं.

तिच्याकडे तिच्या बाबांना आलेलं एक जुनं जर्मन पत्र होतं. मी भाषांतर करून घेतलं. "मला भाऊ नाही. पुन्हा लिहू नकोस." खालची सही तक्रारीवरच्या सहीशी जुळत होती. पण सही गिरवताही येते. म्हणून मी आजींकडे गेलो आणि मुद्दाम चुकीचं सांगितलं, "ती म्हणते, तिचे वडील भारतात डॉक्टर होते."

"डॉक्टर कसला! मुंबईत चष्मे विकायचा," आजी फाडकन म्हणाल्या.

छावणीत मेलेला भाऊ मुंबईत कसा, असं मी विचारलं. तेव्हा त्या सांगू लागल्या. भाऊ बर्लिनहून आधी निघाला, आई-वडिलांना मुंबईला बोलावून घेतो म्हणाला. आजींना लहानपणीच इतर ज्यू मुलांबरोबर इंग्लंडला पाठवलं. आई-वडील मागेच राहिले आणि मारले गेले. "तो आम्हाला विसरला. मग मीही तो मेला असंच सांगत आले."

दुसऱ्या दिवशी मी भाचीला घेऊन गेलो. तिने कागद पुढे केले. युद्ध सुरू होताच, पासपोर्ट जर्मन म्हणून इंग्रजांनी भावाला नगरच्या छावणीत डांबलं होतं. आई-वडिलांना भारतात येण्याचा परवाना मिळावा म्हणून त्याने तिथून केलेले अर्ज होते, आणि त्यांवरचे नकार.

आजी बराच वेळ वाचत राहिल्या. "हे मला कळवलं का नाही त्याने?"

भाची इंग्रजीतच बोलत होती, पण 'आत्या' मराठीत म्हणाली. "कळवलं होतं, आत्या. तुम्ही पाकिटं न उघडता परत पाठवलीत." तीही तिने आणली होती. आजींच्या हातातलं पहिलं पाकीट तिनेच फोडून दिलं. मी बाहेर जाऊन गाडीत बसलो.

संशय घेणं हे माझं कामच होतं. पण तो सगळा मी समोर बसवलेल्या बाईवर खर्च केला. तक्रार करणारं माणूसही काही लपवत असतं, हे मला निवृत्तीच्या तोंडावर समजलं. भाचीला त्या दारात पुन्हा जाऊ नको अशी ताकीद देऊन परत पाठवलं असतं, तर कागदोपत्री मी बरोबरच ठरलो असतो. त्याचीच मला अजून धास्ती वाटते.