केराबाईनं दाखवलेलं कोवळं ऊन

केराबाई मूळची वैरागची. सोलापुरात आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तिच्याच पायांवर न्हालेली. आधी तेल लावायची, मग अंगणात कोवळं ऊन दाखवायची, मग अंघोळ.

बहात्तर साली माझी मायाक्का झाली. तिला ऊन सोसेना. अंग लालबुंद व्हायचं, रडून रडून घसा बसायचा. "मावशी, पुरं करा की," मी म्हणायची.

"कातडी लई मऊ हाय, बसम्मा. उन्हानं घट्ट हुतीया," म्हणत ती आणखी वेळ ठेवायची. मी ठेवू द्यायची.

वर्षाच्या आत पोरीचं तोंड डागांनी भरलं, उजेडात डोळे उघडेनात. कातडीचे डॉक्टर म्हणाले, "ऊन सगळ्यांच्याच पेशींचं आतून नुकसान करतं. पेशीला ते कळतं, दुरुस्ती करणारी एन्झाइम्स कामाला लागतात, काम झालं की थांबतात. हिच्यात ती दुरुस्तीच होत नाही. दोष आईबाप दोघांकडून आलाय. नवरा नात्यातला का?"

सख्खा मामा. अकलूजचं चांगलं स्थळ आलेलं, पण करीन तर मामाशीच म्हणून मीच अडून बसले होते.

घरी आले तर दारात केराबाई. "माझ्या उन्हानंच झालं न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय." आणि सांगायला लाज वाटते, पण माझा जीव हलका झाला.

त्या दिवसापासून तिनं पोरं न्हाऊ घालणं सोडलं. बायका बोलवायला यायच्या, ती हात जोडायची. आमच्या खिडक्यांना मात्र तिनंच गोधड्या शिवून लावल्या, दिवसभर पोरीजवळ बसायची. मी मेली बसू द्यायची, वर कधी चहात साखर जास्त झाली म्हणून तिच्यावरच खेकसायची.

चार वर्षं अशी गेली. एके दुपारी बघते तर केराबाई मायाक्काच्या पाया पडत होती. एवढ्याशा पोरीच्या. मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. मामाचं, रक्ताचं, सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "उन्हानं वाढलं असेल, मावशी, पण दुखणं आमचंच होतं."

तिनं विचारलं, "डॉक्टरनं कवा सांगितलं?"

"तुम्ही दारात उभ्या होता, त्याच दिवशी."

"त्याच साली माझ्या लेकीला ल्योक झाला," केराबाई म्हणाली. "आई, तूच न्हाऊ घाल म्हणून लई रडली. मी हात लावला न्हाय."

मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं पाय मागं घेतले, चपला घातल्या.

"आता त्यो आपला आपण न्हातो," म्हणाली आणि गेली.